सांगोला विधानसभा मतदारसंघ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगोल्याच्या निवडणुकांबद्दल तेच ते प्रश्न फिरून फिरून येतात. निकालाच्या दिवशी येतात, गणपतराव देशमुखांच्या पुण्यतिथीला येतात, आणि कुणीतरी 'काय झाडी' म्हटलं की हमखास येतात. त्यातले नेहमीचे इथे घेतले आहेत. आधी सोपे, मग आकडेमोडीचे, शेवटी कायद्याचे. लोकांच्या तोंडी बसलेली माहिती जिथे चुकीची आहे तिथे ती चुकीची आहे असं सरळ म्हटलं आहे; राग मानू नये.

१. सांगोला मतदारसंघ म्हणजे सांगोला तालुकाच ना?

जवळपास, पण पूर्ण नाही. मतदारसंघ क्रमांक २५३, जिल्हा सोलापूर. अख्खा सांगोला तालुका यात येतो, आणि वर पंढरपूर तालुक्यातल्या भाळवणी मंडळातली गावं. म्हणून भाळवणीकडच्या माणसाचं तहसील पंढरपूर आणि आमदार सांगोल्याचा, असा प्रकार आहे. ही रचना २००८ च्या पुनर्रचनेनंतरची, म्हणजे २००९ च्या निवडणुकीपासूनची. जागा खुली आहे. जिल्ह्यातले माळशिरस आणि मोहोळ हे अनुसूचित जातींसाठी राखीव आहेत, त्यामुळे गोंधळ होतो.

२. आतापर्यंत कोण कोण निवडून आलं? एका जागी सांगा.

महाराष्ट्र राज्य झाल्यावरची पहिली विधानसभा १९६२ ची, तिथून यादी धरू.

१९६२, १९६७: गणपतराव देशमुख, शेतकरी कामगार पक्ष (शेकाप)
१९७२: काकासाहेब साळुंखे-पाटील, काँग्रेस
१९७४ (पोटनिवडणूक): गणपतराव देशमुख, शेकाप
१९७८, १९८०, १९८५, १९९०: गणपतराव देशमुख, शेकाप
१९९५: शहाजीबापू पाटील, काँग्रेस
१९९९, २००४, २००९, २०१४: गणपतराव देशमुख, शेकाप
२०१९: शहाजीबापू पाटील, शिवसेना
२०२४: डॉ. बाबासाहेब देशमुख, शेकाप

चौदा सार्वत्रिक निवडणुका आणि एक पोटनिवडणूक, एकूण १५ लढती. त्यातल्या १२ शेकापच्या, दोन काँग्रेसच्या, एक शिवसेनेची. बासष्ट वर्षांत चारच माणसं आमदार झाली. त्यातला एक गणपतरावांचा नातू.

३. गणपतराव नेमके किती वेळा निवडून आले? कुठे दहा वाचतो, कुठे अकरा.

अकरा. दहा म्हणणारे बहुतेक १९७४ ची पोटनिवडणूक मोजायला विसरतात, कारण सार्वत्रिक निवडणुकांच्या यादीत ती दिसत नाही. प्रश्न २ मधली त्यांची वर्षं बोटांवर मोजा: ६२, ६७, ७४, ७८, ८०, ८५, ९०, ९९, २००४, २००९, २०१४.

'सलग अकरा वेळा' मात्र कुणी लिहिलं तर ते खोडा. मध्ये दोनदा पडले. सर्वांत मोठी सलग मालिका पाच विजयांची, १९७४ ते १९९०. अकराही वेळा पक्ष एकच आणि मतदारसंघ एकच, ही खरी दुर्मीळ गोष्ट. तिला 'सलग'चा टेकू लावायची गरज नाही.

४. एकाच मतदारसंघातून सर्वाधिक वेळा निवडून येण्याचा देशातला विक्रम त्यांच्याच नावावर आहे ना?

नाही. महाराष्ट्रात आहे, देशात नाही. केरळमध्ये पाला मतदारसंघातून के. एम. मणी १९६५ ते २०१६ या काळात तेरा वेळा निवडून आले. पुतुपल्लीतून ओमन चांडी १९७० ते २०२१ दरम्यान बारा वेळा. तमिळनाडूत करुणानिधीही तेरा वेळा आमदार झाले, पण ते मतदारसंघ बदलत गेले, म्हणून ते या रांगेत बसत नाहीत. मणींच्या बाबतीत एक फाटा फुटतो: १९६५ साली केरळात निवडणूक झाली, पण विधानसभा बसलीच नाही. ते वर्ष वगळलं तरी बारा उरतात, म्हणजे अकरापेक्षा जास्तच.

दर ३० जुलैला, गणपतरावांच्या पुण्यतिथीला, 'देशातील एकमेव' असे फलक फिरतात. प्रेमापोटी असतं ते, समजतं. पण आबासाहेब, म्हणजे गणपतराव, स्वतः वकील होते, त्यांना असा कच्चा पुरावा चालला नसता.

५. ते ५४ वर्षं आमदार होते असं वाचलं. बरोबर आहे का?

हिशेब मांडून बघू. १९६२ ते १९७२ दहा वर्षं. १९७४ ते १९९५ साधारण वीस-एकवीस. १९९९ ते २०१९ वीस. बेरीज पन्नास-एक्कावन्नच्या आसपास. चोपन्नचा आकडा बहुधा १९६२ ते २०१९ या सत्तावन्न वर्षांतून सगळी मधली गैरहजेरी नीट वजा न केल्याने येतो. 'पन्नासहून अधिक वर्षं' लिहिलं तर कुणी हरकत घेणार नाही.

जाता जाता वयाचंही: जन्म १० ऑगस्ट १९२६, मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचा. २०१४ ची निवडणूक त्यांनी ८८ व्या वर्षी जिंकली. २०१९ ला उभे राहिले नाहीत. निधन ३० जुलै २०२१, सोलापुरात.

६. शेकाप तर महाराष्ट्रात संपत आला. मग सांगोल्यातच कसा टिकला?

शेकापचा जन्म काँग्रेसमधूनच झाला. केशवराव जेधे, शंकरराव मोरे ही मंडळी १९४७-४८ च्या सुमारास बाहेर पडली तेव्हाचा हा पक्ष. एकेकाळी राज्यातला प्रमुख विरोधी पक्ष होता. नंतर रायगड, सांगोला आणि आणखी काही तालुके एवढाच उरला. २०१९ ला विधानसभेत शेकापचा एकच आमदार होता, तोही नांदेड जिल्ह्यातल्या लोहा मतदारसंघाचा. २०२४ ला पुन्हा एकच, तो सांगोल्याचा.

टिकण्याचं कारण विचाराल तर माझं मत असं: इथे पक्ष संस्थांमधून उभा राहिला. शेतकरी सहकारी सूतगिरणी, शाळा, सोसायट्या, आणि त्यावर गावोगाव बसलेले कार्यकर्ते. दुष्काळी तालुक्यात साखर कारखान्याच्या जोरावर राजकारण करायला ऊसच नव्हता, तेव्हा बागायती पट्ट्यातलं साखरसम्राटांचं गणित इथे लागू पडलं नाही. ज्याच्याकडे कारखाना नाही त्याला लोकांच्या दारात जावं लागतं. गणपतराव जायचे, आणि एसटीने जायचे. एसटीचे किस्से तालुक्यात इतके आहेत की निम्मे जरी खरे धरले तरी त्यांचा अर्धा जन्म स्टँडवर गेला असेल.

७. सांगोल्यात प्रत्येक निवडणूक पाण्यावरच का येते?

कारण पाणी इथलं नाहीच. माण नदी आहे, पण तिला पाणी असेल तर ती नदी, नाहीतर वाळू. पाणी बाहेरून यायचं: कृष्णेवरून टेंभू आणि म्हैसाळ योजनांचं, नीरा उजव्या कालव्याचं, आणि उजनीचं. नीरा उजव्या कालव्याच्या बाबतीत सांगोला शेपटाला आहे. शेपट म्हणजे काय हे कालव्याच्या तोंडाशी बसलेल्याला कळत नाही. वरची गावं भिजवून झाली की उरेल ते खाली येतं. पाळी लागली की माणसं रात्री बॅटरी घेऊन चारीवर बसतात. पाणी फाट्यापर्यंत आल्याचा फोन येतो, आणि आपल्या शेतापर्यंत यायच्या आत वरून बंद होतं. अशा माणसाला मत मागायला गेलं तर तो दुसरं काय विचारणार?

गणपतरावांनी नागनाथअण्णा नायकवडींसोबत आटपाडीच्या पाणी परिषदांमधून तेरा दुष्काळी तालुक्यांच्या पाण्याचा प्रश्न वर्षानुवर्षं लावून धरला. पुढे शहाजीबापूंनी उजनीच्या पाण्याची उपसा योजना हा स्वतःचा मुद्दा केला. आता कुणाच्या काळात किती पाणी आलं यावर पैजा लागतात. एक मात्र खरं की त्याच कमी पाण्यावर इथल्या लोकांनी डाळिंब उभं केलं. २८ डिसेंबर २०२० ला देशातली शंभरावी किसान रेल्वे सांगोल्याहून पश्चिम बंगालमधल्या शालिमारला सुटली, ती याच शेतीच्या जोरावर.

८. गणपतराव १९७२ ला कसे हरले?

१९७२ ची निवडणूक बांगलादेश युद्धानंतर लगेच झाली. इंदिरा गांधींची लाट होती, राज्यात २७० पैकी २२२ जागा काँग्रेसला मिळाल्या. त्यात सांगोलाही गेला आणि काकासाहेब साळुंखे-पाटील आमदार झाले. जागा मध्येच रिकामी झाली, १९७४ ला पोटनिवडणूक लागली आणि गणपतराव परत आले. मधली दोन वर्षं महाराष्ट्रातल्या भीषण दुष्काळाची होती. सांगोल्यासारख्या ठिकाणी ही गोष्ट निकालापासून वेगळी काढता येत नाही.

९. १९९५ चा तो १९२ मतांचा निकाल खरा आहे का?

खरा आहे. शहाजीबापू पाटील काँग्रेसकडून १९२ मतांनी जिंकले. तेव्हा मतदान शिक्का मारून कागदावर व्हायचं. शिक्का दोन चिन्हांच्या मध्ये पडला की मत बाद. म्हणून त्या निकालाबद्दल जुनी माणसं अजून 'आमच्या गावातच इतकी बाद झाली' असं म्हणतात. प्रत्येक गावात म्हणतात. सगळी बेरीज केली तर बाद मतं तालुक्याच्या लोकसंख्येच्या वर जातील.

गंमत वेगळीच आहे. १९९५ ला राज्यात काँग्रेस ८० जागांवर आली, सत्ता गेली, युतीचं सरकार आलं. आणि नेमक्या त्याच वर्षी सांगोल्याने काँग्रेसचा आमदार दिला. याबद्दल प्रश्न १० पाहा.

१०. सांगोला नेहमी वाऱ्याच्या उलट मत देतो, हे खरं का?

'नेहमी' नाही, पण बरेचदा. १९६२ ला काँग्रेसच्या २६४ पैकी २१५ जागा, सांगोला शेकापकडे. १९८० ला काँग्रेसचे १८६, सांगोला शेकापकडे. १९९५ ला काँग्रेस हरली, सांगोल्याने काँग्रेस निवडली. २०१४ ला भाजपची लाट, सांगोल्यात ८८ वर्षांचा शेकापचा उमेदवार. २०२४ ला महायुतीला २८८ पैकी २३० जागा, सांगोल्यात पुन्हा शेकाप. वाऱ्यासोबत गेलेलं ठळक वर्ष १९७२ चं.

याला बंडखोर स्वभाव वगैरे म्हणायची पद्धत आहे. मला तसं वाटत नाही. इथे निवडणूक राज्याची नसतेच. ती दोन-तीन घरांची, संस्थांची आणि पाण्याची असते. त्यामुळे राज्यातल्या वाऱ्याशी तिचा मेळ बसला तर बसतो, नाही तर नाही.

११. गणपतराव कधी सत्तेत होते की कायम विरोधी बाकांवर?

बहुतेक काळ विरोधात. १९७७ च्या जुलैपासून १९७८ च्या निवडणुकीपर्यंत ते विधानसभेत विरोधी पक्षनेते होते. १९७८ ला शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात मंत्री झाले. १९९९ ला विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळातही होते. अकरा टर्मच्या मानाने मंत्रिपदाचा काळ अगदीच थोडा.

१२. बातम्यांत नुसतं 'आबा' लिहितात. आबा म्हणजे कोण?

हा प्रश्न पुण्या-मुंबईतले वाचक विचारतात आणि त्यांची चूक नाही. 'आबासाहेब' म्हणजे गणपतराव देशमुख. कागदोपत्री आणि सभांमध्ये 'भाई गणपतराव', कारण शेकापमध्ये कार्यकर्त्याला भाई म्हणतात. 'दीपकआबा' म्हणजे दीपक साळुंखे-पाटील, माजी विधान परिषद सदस्य. 'बापू' म्हणजे शहाजीबापू पाटील, चिकमहूदचे. २०१९ नंतरच्या बातमीत 'आबा आणि बापू एकत्र' वाचलं तर तो दीपकआबांचा संदर्भ समजा.

देशमुखांच्या घरात डॉ. अनिकेत आणि डॉ. बाबासाहेब असे दोन नातू राजकारणात आहेत. २०१९ ला अनिकेत उभे होते, २०२४ ला बाबासाहेब. हे दोघे एकच समजून लिहिलेल्या बातम्याही पाहिल्या आहेत.

१३. २०१९ ला शेकाप ७६८ मतांनी कसा हरला?

आधी आकडे. शहाजीबापू पाटील, शिवसेना: ९९,४६४. डॉ. अनिकेत देशमुख, शेकाप: ९८,६९६. फरक ७६८. दोघांची मिळून जवळपास १ लाख ९८ हजार मतं, म्हणजे हजारी चार मतांचाही फरक नाही.

कारणं तीन सांगतात. एक, गणपतराव स्वतः रिंगणात नव्हते. दोन, उमेदवारीचा घोळ: आधी भाऊसाहेब रुपनर यांचं नाव पुढे आलं, कार्यकर्त्यांनी विरोध केला, मग अनिकेत आले; त्यात प्रचाराचे दिवस गेले. तीन, राष्ट्रवादीचे दीपकआबा शहाजीबापूंच्या पाठीशी उभे राहिले. माझ्या मते तिसरं कारण सर्वांत जड. पण ७६८ च्या निकालात कुठलंही कारण पुरेसं ठरतं, अगदी एखाद्या वाडीत मतदानाच्या दिवशी लग्न होतं हेसुद्धा.

त्या दिवशी, २४ ऑक्टोबरला, आमच्या गावच्या टपरीवर एक गृहस्थ लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर पेन्सिलने फेऱ्या मांडत होते. फोन आला की एक रकाना खोडायचा, दुसरा लिहायचा. दुपारपर्यंत पत्रिकेची ती बाजू काळी झाली, मग त्यांनी वधू-वरांच्या नावांच्या मधल्या जागेत लिहायला सुरुवात केली. चहा चार वेळा गार झाला. हसत कुणीच नव्हतं, दोन्ही बाजूंचे.

१४. इतका कमी फरक असेल तर फेरमोजणी आपोआप होत नाही का?

आपोआप काही होत नाही. अमुक मतांपेक्षा कमी फरक असेल तर फेरमोजणी, असा नियम आपल्याकडे नाही. निकाल जाहीर होण्यापूर्वी उमेदवाराने किंवा त्याच्या प्रतिनिधीने कारणासह लेखी मागणी करायची. ती पूर्ण मान्य करायची, अंशतः मान्य करायची की फेटाळायची हे निवडणूक निर्णय अधिकारी ठरवतो. एकदा निकाल जाहीर झाला की मार्ग एकच, ४५ दिवसांच्या आत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका.

व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मत दिल्यावर यंत्रात छापल्या जाणाऱ्या, चिठ्ठ्यांची मोजणी ही वेगळी गोष्ट. २०१९ पासून प्रत्येक विधानसभा मतदारसंघात चिठ्ठी टाकून निवडलेल्या पाच केंद्रांवर ती होते, फरक ७६८ चा असो की लाखाचा.

१५. 'काय झाडी, काय डोंगार, काय हाटील' हे शहाजीबापूंना फायद्याचं ठरलं की तोट्याचं?

जून २०२२ ला एकनाथ शिंदेंसोबत गुवाहाटीत असताना बापूंचं एका कार्यकर्त्याशी झालेलं फोनवरचं बोलणं बाहेर आलं आणि 'सगळं ओक्केमध्ये' घराघरात गेलं. राज्यभर त्यांचं नाव झालं. लग्नाच्या वरातीत त्याच्यावर गाणी वाजली, हॉटेलांच्या पाट्या बदलल्या.

मतांचं म्हणाल तर २०२४ ला त्यांना ९०,८७० मतं मिळाली, २०१९ पेक्षा ८,५९४ ने कमी. एवढ्यावरून संवादाने पाडलं असं म्हणता येत नाही आणि संवादाने तारलं असंही नाही. सांगोल्याबाहेरच्या लोकांना तो संवाद हीच सांगोल्याची ओळख वाटते. इथल्या माणसाला त्या बोलीत विशेष काही वाटलं नाही. आमच्याकडे सगळे असेच बोलतात.

१६. शहाजीबापूंनी गट बदलला तेव्हा पोटनिवडणूक का झाली नाही?

जागा रिकामीच झाली नाही, म्हणून. पोटनिवडणूक राजीनामा, मृत्यू किंवा अपात्रता यांमुळे लागते. पक्षांतरामुळे येणाऱ्या अपात्रतेचा निर्णय राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टानुसार विधानसभा अध्यक्ष देतात. १० जानेवारी २०२४ ला अध्यक्ष राहुल नार्वेकरांनी निकाल दिला आणि शिवसेनेच्या दोन्ही गटांतल्या कुणालाही अपात्र ठरवलं नाही. त्यामुळे बापू मुदत संपेपर्यंत आमदार राहिले.

यादीत (प्रश्न २) २०१९ समोर नुसतं 'शिवसेना' लिहिलं आहे ते याचसाठी. निवडून आले तेव्हा पक्ष एकच होता. नंतरचा गट मागे नेऊन चिकटवू नये.

१७. २०२४ चा निकाल नेमका काय लागला?

डॉ. बाबासाहेब देशमुख, शेकाप: १,१६,२५६. शहाजीबापू पाटील, शिवसेना, धनुष्यबाण: ९०,८७०. दीपक साळुंखे-पाटील, शिवसेना ठाकरे गट, मशाल: ५०,९६२. मताधिक्य २५,३८६.

महाविकास आघाडीत ही जागा शेकापची मानली जात होती. दीपकआबा ऐनवेळी ठाकरे गटात गेले आणि उमेदवारी त्यांना मिळाली. म्हणजे आघाडीतलेच दोघे एकमेकांसमोर. याला 'मैत्रीपूर्ण लढत' म्हणतात. प्रचारातली भाषणं ज्यांनी ऐकली त्यांना त्यात मैत्री कुठे होती ते विचारा.

१८. म्हणजे मतविभागणीमुळे शेकाप जिंकला, असंच ना?

हे सर्वांत जास्त वेळा विचारलं जातं आणि उत्तर बहुतेकांना आवडत नाही.

विभागणीच्या बाजूने मुद्दा असा: बापू आणि दीपकआबांची मतं एकत्र केली तर १,४१,८३२ होतात, बाबासाहेबांपेक्षा २५ हजारांहून जास्त. २०१९ ला हे दोघे एका बाजूला होते आणि जिंकले होते. चित्र स्पष्ट दिसतं.

आता उलट बाजूने बघा. दीपकआबांची सगळी मतं बापूंच्या झोळीतून गेली असती तर बापू पन्नास हजारांच्या आसपास आले असते. ते फक्त साडेआठ हजारांनी घसरले. दुसरीकडे शेकापची मतं २०१९ च्या तुलनेत १७,५६० ने वाढली. २०१९ ला पहिल्या दोघांना मिळून १,९८,१६० मतं होती. २०२४ ला तिघांना मिळून २,५८,०८८. साठ हजारांच्या आसपास मतं जास्तीची. दीपकआबांच्या पन्नास हजारांत बापूंची किती, शेकापची नाराज किती आणि नवी किती, हे वेगळं करायला कुठलंही यंत्र नाही. शिवाय त्यांचं चिन्ह मशाल होतं. मशालीला पडलेलं मत धनुष्यबाणाला गेलंच असतं असं कोण सांगेल?

विभागणीने मदत केली हे मान्य. विभागणीनेच जिंकवलं असं म्हणणारा माणूस १७,५६० चा आकडा खिशात लपवतो.

१९. २०१४ आणि २०२४ ची मताधिक्यं सारखीच दिसतात. टायपिंगची चूक आहे का?

नाही, योगायोग आहे. २०१४ ला गणपतरावांना ९४,३७४ आणि शहाजीबापूंना ६९,१५० मतं होती, फरक २५,२२४. २०२४ ला फरक २५,३८६. आजोबांच्या शेवटच्या आणि नातवाच्या पहिल्या विजयात १६२ मतांचा फरक. आकडे सारखे असले तरी लढती सारख्या नाहीत: २०२४ ला मतदान बरंच जास्त झालं आणि तिसरा उमेदवार पन्नास हजारांवर गेला.

२०. जुन्या निवडणुकांची मताधिक्यं आताच्या मताधिक्याशी ताडून बघता येतात का?

जपून. मतदारसंघाच्या सीमा मधल्या काळात बदलल्या आहेत. विधानसभेच्या जागा १९६२ ला २६४, १९६७ ला २७० आणि १९७८ पासून २८८ झाल्या. त्यानंतरचा मोठा बदल २००९ ला. १९९५ च्या १९२ मतांची गावं आणि २०१९ च्या ७६८ मतांची गावं तंतोतंत तीच नाहीत. तुलना करायचीच तर २००९, २०१४, २०१९, २०२४ या चार निवडणुका आपापसांत ताडा.

२१. सांगोला लोकसभेला कुठे येतो? तिथेही शेकापच चालतो का?

माढा लोकसभा मतदारसंघात. करमाळा, माढा, सांगोला, माळशिरस हे सोलापूरचे आणि फलटण, माण हे साताऱ्याचे, असे सहा. २००९ पूर्वी सांगोला पंढरपूर या राखीव लोकसभा मतदारसंघात होता. माढ्यातून २००९ ला शरद पवार, २०१४ ला विजयसिंह मोहिते-पाटील, २०१९ ला भाजपचे रणजितसिंह नाईक-निंबाळकर आणि २०२४ ला राष्ट्रवादी शरद पवार गटाचे धैर्यशील मोहिते-पाटील निवडून आले. लोकसभेला शेकाप इथे कुणाला तरी पाठिंबा देण्याच्या भूमिकेत असतो. विधानसभेचा निकाल बघून लोकसभेचा अंदाज बांधणारे इथे हमखास तोंडावर पडतात.

२२. भाजप आणि राष्ट्रवादी इथून कधी जिंकले का?

विधानसभेला एकदाही नाही. राष्ट्रवादी बराच काळ शेकापसोबत होती, आणि युतीत जागा शिवसेनेकडे. दोन्ही पक्षांची माणसं आणि मतं इथे आहेत, निवडणूक फिरवण्याइतकी आहेत. आमदार झालेला नाही, एवढंच.

२३. जातीचं गणित किती चालतं? जातनिहाय मतदारांची यादी आहे का?

चालत नाही असं म्हणणारा खोटं बोलतो. गणपतराव धनगर समाजातले होते, तालुक्यात हा समाज मोठा आहे, आणि शेकापच्या पाठबळात त्याचा वाटा आहेच. पण नुसत्या एका समाजावर अकरा निवडणुका निघत नाहीत, आणि निघाल्या असत्या तर १९७२, १९९५, २०१९ घडले नसते.

यादीचं म्हणाल तर मतदार यादीत जात लिहिलेली नसते. निवडणुकीच्या तोंडावर मोबाइलवर 'अमुक समाज इतके हजार' असा तक्ता येतो तो कुणीतरी आडनावं बघून, अंदाजाने बनवलेला असतो. सगळ्या रकान्यांची बेरीज एकदा करून बघा; माझ्याकडे आलेल्या एका तक्त्यात ती एकूण मतदारांपेक्षा जास्त भरली होती.

२४. आमच्या गावात कुणाला किती मतं पडली ते कुठे कळेल?

'नमुना २०' शोधा. निकालानंतर मतदान केंद्रनिहाय मतांचा हा तक्ता असतो आणि राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर मतदारसंघनिहाय मिळतो. आपलं मतदारसंघ क्रमांक २५३. राज्याचा एकूण निकाल, पक्षनिहाय टक्केवारी आणि १९५१-५२ पासूनचे अहवाल निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर आहेत.

वाचताना तीन गोष्टी ध्यानात ठेवा. केंद्र क्रमांक निवडणुकीगणिक बदलतात, म्हणून क्रमांकावर नाही तर केंद्राच्या नावावर जुळवा. मोठ्या गावात दोन-तीन केंद्रं असतात, ती बेरीज तुम्हालाच करावी लागते. आणि टपाली मतं शेवटी एकत्र येतात, ती कुठल्याही गावाच्या नावावर लागत नाहीत. मतदान प्रतिनिधी म्हणून बसला असाल तर त्या दिवशी केंद्राध्यक्षांकडून मिळालेली १७ सी ची, म्हणजे केंद्रावर नोंदलेल्या मतांच्या हिशेबाची, प्रत जपून ठेवा. नमुना २० मधल्या एकूण मतदानाशी ताडायला तीच उपयोगी पडते.

२५. पेपर मतपत्रिकेच्या काळातले, म्हणजे १९९५ चे गावनिहाय आकडे मिळतील का?

तेव्हा गावाचा आकडा आतासारखा थेट दिसायचा नाही. कुठल्या गावाने कुणाला मतं दिली हे कळू नये म्हणून मतपत्रिका एकत्र मिसळून मग मोजण्याची पद्धत वापरली जायची. यंत्र आल्यावर केंद्रनिहाय आकडा उघड झाला. म्हणूनच १९९५ ला 'आमच्या गावाने बापूंना निवडून दिलं' असं छातीठोक सांगणारी गावं तालुक्यात निदान वीस तरी आहेत, आणि २०१९ बद्दल तसं सांगायला गेलं की समोरचा लगेच मोबाइल काढतो.